गच्चीवरची नांदेड–लातूर

शारजातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवरून रोज संध्याकाळी नांदेड–लातूर गाडी सुटायची. मी खाली स्वयंपाकघरात कणीक मळत असायचे आणि वरून खणखणीत आवाज यायचा, "चला लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर, चाकूर! पुढं सरका, मधी लई जागा हाय!" मग पातेल्यावर चमचा दोनदा वाजायचा. डबल बेल.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, उन्हानं आपलं डोकं फिरलं. नांदेड सोडून मला तिथं जेमतेम महिना झाला होता. तशीच पिठाच्या हातानं जिने चढून वर गेले. बघते तर पाण्याच्या टाक्यांच्या सावलीत एक उंच, वाळका, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस पातेलं घेऊन उभा. समोर तीन मांजरी, एक घोड्याएवढं कुत्रं, आणि पिंजऱ्यात एक करडा पोपट. सगळे आपापल्या थाळीपाशी रांगेत.

"तुम्ही नांदेडचे?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं, पिठाच्या हाताकडं पाहिलं आणि म्हणाला, "जन्म नांदेडचा, देगलूर नाक्यापाशी. संसार लातूरचा. नोकरी मधल्या रस्त्यावरची. तुमी कुठं चढलाव?"

हे बशीरभाई. आमच्या इमारतीचे नातूर. तिकडं इमारतीच्या रखवालदाराला नातूर म्हणतात. झाडणं, पाण्याची मोटर बघणं, भाडेकरू सोडून गेला की चावी ताब्यात घेणं, ही सगळी कामं त्यांची. गच्चीवरची एक खोली त्यांना राहायला. तरुणपणी ते एस.टी.त रोजंदारीवर कंडक्टर होते. ती नोकरी सुटून जमाना लोटला होता, पण कंडक्टर काही सुटला नव्हता. लिफ्टमध्ये चार माणसं दिसली की हे बाहेरून ओरडायचे, "पुढं सरका, पुढं सरका!" लिफ्टमध्ये पुढं सरकायचं म्हणजे आरशात जायचं. पण माणसं सरकायची.

मी तिथल्या शाळेत गणित शिकवायचे, म्हणून मला ते बाई म्हणत. माझ्या नवऱ्याला नुसतं "बाईंचे साहेब".

त्यांचे प्रवासी म्हणजे सगळी टाकलेली जनावरं. आमच्या इमारतीत बहुतेक नोकरदार कुटुंबं. भाडं वाढलं, शाळेची फी वाढली, किराणा वाढला, की एखादं कुटुंब एका आठवड्यात गाशा गुंडाळायचं. सोफा विकला जायचा, फ्रीज विकला जायचा. मांजर कोण घेणार? मग जाताना माणूस बशीरभाईंच्या हातात चावी द्यायचा, आणि मान खाली घालून म्हणायचा, "अंकल, आणखी एक आहे." काही जण तेवढंही म्हणायचे नाहीत. बशीरभाईंनी दार उघडावं, तर रिकाम्या घरात बाथरूमच्या कोपऱ्यात दोन डोळे.

लोहा म्हणजे एका डोळ्याची पांढरी मांजर, अंगानं जड. माळाकोळी तीन पायांची. शिरूर म्हातारा बोका, अत्यंत खडूस. बशीरभाई सोडून सगळ्यांना चावायचा. अहमदपूर हे कुत्रं. "मोठा डेपो हाय ना बाई, म्हनून." चाकूर हा पोपट. त्याला बोलता यायचं एकच वाक्य, आणि तेही लहान मुलीच्या आवाजात, इंग्रजीत, "मम्मी, आणखी पाचच मिनिटं!" ते लोक जाऊन वर्ष झालं होतं. पोपट अजून पाच मिनिटं मागत होता.

पुढं एक कासव आलं. त्याचं नाव उमरी.

"उमरी आपल्या रूटवर कुठं आहे?" मी म्हटलं. "उमरीला रेल्वेनं जातात."

"म्हनूनच तर," ते म्हणाले. "ह्ये बी कुठल्या रूटवर न्हाई."

पगार वाढत नव्हता आणि बाजार थांबत नव्हता. आम्हीच दोन खोल्यांतून एका खोलीत आलो होतो, मधे कपाट उभं करून. बशीरभाई पहाटे मासळी बाजारात जाऊन उरलेली बारीक मासळी आणायचे, कोंबडीवाल्याकडून माना आणि पाय. ते शिजवून सगळ्यांना वाटायचे आणि स्वतः टाकीला टेकून खुबूस, म्हणजे तिथली स्वस्तातली रोटी, चहात बुडवून खायचे.

"बशीरभाई, तुम्ही काय जेवलात?"

"कंडक्टर सीटवर बसतो का बाई? समदे बसले की मंग बघू."

मी कधी वरण पाठवलं तर डबा धुऊन परत यायचा, आणि दुसऱ्या दिवशी कळायचं की वरण अहमदपूरला फार आवडलं.

ते घरची गोष्ट फार सांगत नसत. जे सांगितलं ते तुकड्या-तुकड्यांनी. त्यांची बायको, जुबेदाभाभी, हिचं माहेर औशाच्या पलीकडं. लग्न होऊन ती लातूरला आली आणि थोड्याच दिवसांत भूकंप झाला. माहेर एका पहाटेत संपलं. आई, अब्बा, दोन्ही भाऊ. त्यानंतर भाभी छताखाली झोपेना. अंगणात पत्रा टाकून, पाऊस असो, थंडी असो, तिथंच.

"तिला म्हनलं, मी असं घर बांधतो की जमीन हालंल, पन घर हालनार न्हाई. रोजंदारीत असलं घर होतंय का? म्हनून इकडं आलो."

आणि बांधलं त्यांनी. दर सुट्टीला एक खोली. खांबांत एवढं लोखंड घातलं की मिस्त्री म्हणाला, "बशीरभाई, घर बांधून राहिलाव का पूल?" घर पूर्ण झालं, भाभी आत झोपायला लागली. एकुलत्या मुलीचं लग्न होऊन ती सासरी गेली. तोवर लातुरात क्लासचं पीक आलं होतं. त्यांच्या गल्लीत या टोकाला डॉक्टर करणारे, त्या टोकाला इंजिनिअर करणारे. गावोगावच्या पोरी राहायला जागा शोधत दारोदार फिरायच्या. भाभीनं सोबत म्हणून एकीला ठेवून घेतलं. तिच्यामागून तिची मैत्रीण आली.

"एका सुट्टीला गेलो तर बैठकीत दोन कॉट. पुढच्या सुट्टीला आमची झोपायची खोली बी गेली. मागच्या टायमाला मी पॅसेजमधी झोपलो. सकाळी पोरी माझ्या अंगावरून क्लासला जाऊन राहिल्या. एक म्हनली, 'काका, जरा पाय घ्या की.' घेतले पाय."

मी हसले. तेही हसले. मग म्हणाले, "पन एक हाय बाई. घरात मानसाची चाहूल असली की तिला झोप लागती. मी असताना येवढी लागत न्हवती. मी तरी किती दिवस असायचो!"

मग आमच्याच इमारतीची पाळी आली. मालकानं ती पाडून उंच टॉवर बांधायचं ठरवलं. नोटीस लागली. माणसं भराभर निघून गेली. आम्हाला शाळेजवळ एक कोंडवाड्यासारखी जागा मिळाली. इमारत गेली की नातूरची नोकरी गेली, आणि नोकरी गेली की त्या देशात राहण्याचा हक्क गेला. या वयात बशीरभाईंना दुसरं कोण ठेवणार?

त्यांना स्वतःची काळजी दिसत नव्हती. त्यांनी प्रवाशांसाठी स्थळं बघायला सुरुवात केली. हो, स्थळंच. गच्चीवर सतरंजी अंथरायची, पाहुण्याला चहा द्यायचा आणि मग मुलीचा बाप करणार नाही अशी चौकशी. पुण्याकडचं एक तरुण जोडपं अहमदपूरला बघायला आलं. मी मध्यस्थ म्हणून हजर होते.

"घरी कोन कोन असतं?"

"आम्ही दोघंच, अंकल. आम्हाला कुत्र्यांवर खूप प्रेम आहे."

"प्रेम समद्यांलाच असतंय," बशीरभाई म्हणाले. "नोकरीचा करार किती सालाचा हाय, त्ये सांगा."

तो मुलगा माझ्याकडं बघायला लागला. मी आकाशाकडं. शेवटी करार समाधानकारक निघाला आणि अहमदपूर त्यांच्या गाडीत बसलं. बशीरभाईंनी गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. गाडी वळली, तरी त्यांचा हात हवेतच होता.

लोहा आणि माळाकोळी माझ्या शाळेतल्या एका शिक्षिकेकडं गेल्या. चाकूर एका दुकानदारानं नेला. कासव बशीरभाई एका बागेच्या माळ्याकडं देऊन आले. शिरूर बोक्याचं स्थळ काही जमेना. जो येईल त्याला तो चावायचा. "मुलगा तापट हाय," बशीरभाई पाहुण्यांना सांगायचे, "पन बाहेरख्याली न्हाई." तरी कुणी घेईना.

आणि मग एका सकाळी अहमदपूर परत आलं. म्हणजे स्वतःहून नाही. इमारतीच्या फाटकाला दोरीनं बांधलेलं होतं, शेजारी त्याची थाळी. त्या मुलाची नोकरी गेली होती म्हणे. करार असून गेली.

बशीरभाईंनी कुणाला शिवी दिली नाही. दोरी सोडली आणि म्हणाले, "पोरगं बिचारं. स्वतःच कुठं चाललं असंल."

पण कुत्रं गच्चीवर चढेना. फाटकापाशीच बसून राहिलं, रस्त्याकडं तोंड करून. खाईना. बशीरभाई पातेलं घेऊन खाली यायचे, त्याच्याजवळ फरशीवर बसायचे. गावांची नावं घेणं त्यांनी बंद केलं होतं. रिकाम्या इमारतीत कुणासाठी ओरडायचं? जनावरांच्या निवाऱ्यात फोन केले, तिथंही जागा नव्हती. ऐन उन्हाळ्यात एक दिवस मी शाळेतून त्यांच्याकडं गेले, तर फाटकापाशी कुणीच नव्हतं. बशीरभाई नळाखाली थाळी धूत होते.

"गेलं, बाई," ते म्हणाले. "बरं झालं. ह्याला कुठं ठेवावं, ही चिंता मिटली."

थाळी स्वच्छ झाली होती. ते धूतच राहिले. मी नळ बंद केला तेव्हा थांबले.

शिरूरला भारतात न्यायचं म्हटलं तर कागदपत्रं, पिंजरा, विमान, सगळं मिळून त्यांच्या स्वतःच्या तिकिटापेक्षा जास्त. त्यांनी तरी घरी फोन करून विचारलं. भाभी म्हणाली, पोरींचे आईबाप मांजर बघितलं की नाक मुरडतात, अंथरुणात केस होतात म्हणतात. खरंच असणार. त्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. मी काही म्हणायच्या आत सोबत आलेल्या माझ्या नवऱ्यानंच खालून खोकं आणलं. बोक्यानं त्याला खोक्यात शिरता शिरता चावून घेतलं.

विमानतळावर बशीरभाई एक बॅग आणि गुंडाळलेली सतरंजी घेऊन उभे होते. इतक्या वर्षांचं सामान तेवढंच. मला म्हणाले, "बाई, त्याला मासळी कोमट द्या. थंड दिली तर रागावतो." मग आत गेले. मागं वळून पाहिलं नाही. काचेतून दिसेपर्यंत मी बघत होते; रांगेत ते पुढच्या बाईला वाट देत होते, मागच्याला वाट देत होते, आणि स्वतः होते तिथंच होते.

महिनाभरानं एका सुट्टीच्या दुपारी त्यांचा फोन आला. आवाज अगदी बारीक. बोक्याची चौकशी झाली. तो साहेबांना किती वेळा चावला ते ऐकून समाधान वाटलेलं दिसलं.

"तुम्ही कसे आहात? आता सगळा आराम ना? भाभी खूश असतील."

"खूश हाय की. आलो त्या दिवशी कोंबडी केली तिनं. समद्या पोरींला बोलावून म्हनली, ह्ये आमचे साहेब, घर ह्यांनीच बांधलंय. मंग दुसऱ्या दिवशी चहा देताना इच्यारली, आवं, रिटर्न तिकीट कवाचं हाय?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिची काय चूक न्हाई, बाई. समद्या जिंदगीत मी आलो की तिनं हेच इच्यारलं. सवय हाय."

"पण तुम्ही सांगितलंत ना? आता कायमचे आलात म्हणून?"

"न्हाई."

"अहो, का?"

"सांगितलं की ती खोली खाली करील माझ्यासाठी. लगीच करील, मला माहीत हाय. माझ्या खोलीत दोन पोरी हायत, शिरूर अनंतपाळच्या. परीक्षा तोंडावर आली. आता त्यांला कोन जागा देतंय? भाडी किती वाढलीत इथं." पलीकडं कुठंतरी पंख्याची घरघर आणि पानं उलटल्याचा आवाज. "मी पॅसेजमधी हाय, चांगली हवा येती."

"मग भाभींना काय सांगितलंत?"

"म्हनलं, अजून ठरलं न्हाई. कंपनी कळवंल."

मी म्हटलं, "बशीरभाई, जरा मोठ्यानं बोला, नीट ऐकू येत नाही."

"न्हाई बाई, हळूच बोलतो," ते म्हणाले. "पोरी अभ्यास करून राहिल्यात."