बेपत्ता नऊ

मिस्त्रीच्या खोलीत अकरा माणसं रोज सकाळी सात वाजता जमतात आणि दारू न पिता बाहेर पडतात, ही गंभीर बाब पुनर्वसन खात्याच्या लक्षात यायला तीन वर्षं लागली. खात्याच्या मानाने ही घाईच म्हणायची.

मिस्त्री म्हणजे साधा सुतार. सहा वर्षांपूर्वी त्याने भरपूर प्यायलेल्या अवस्थेत दुसऱ्याचा टेम्पो पळवून न्यायालयाच्या कुंपणाच्या भिंतीत घातला होता. न्यायालयाने ते मनाला लावून घेतलं आणि त्याला तीन वर्षं आत पाठवलं. तिथल्या सुतारखात्यात एका म्हाताऱ्या कैद्याने त्याच्या हातात रंधा दिला. रंधा दोन्ही हातांनी धरावा लागतो, त्यामुळे तेवढा वेळ तरी हातात दुसरं काही धरता येत नाही. शिवाय हात थरथरले की फळी लगेच चुगली करते. मिस्त्रीच्या पहिल्या फळीवर खड्डे पडले, दुसरीवर कमी, आणि सुटून आला तेव्हा त्याची फळी काचेसारखी होती. मग त्याने वेल्डिंगच्या दुकानामागची एक खोली धरली, चार जुने रंधे आणले आणि दार उघडं ठेवलं.

खोलीत नावं नव्हती. तुरुंगात मिस्त्रीला एक नंबर होता, तीन वर्षं तोच. त्या नंबराचा त्याला इतका वैताग आला होता की इथे त्याने रोज बदलणारे नंबर काढले. शेवटचा घोट घेतल्यानंतरची सकाळ म्हणजे एक. दुसऱ्या दिवशी दोन. मध्ये कोणी घसरला तर पुन्हा एक. त्याला कोणी बोलायचं नाही, फक्त सरकून जागा द्यायची आणि रंधा पुढे करायचा. त्या सोमवारी मिस्त्री स्वतः दोन हजार एकशे नव्वद होता. ट्रकवरचा ड्रायव्हर नऊ होता. त्याची बायको त्याला रोज खोलीच्या दारापर्यंत सोडायला यायची, कारण कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानावरून तो एकटा पार होईल याची तिला अजून खात्री नव्हती. आणि एक न्हावी होता. तो रोज संध्याकाळी प्यायचा आणि रोज सकाळी इमानदारीने यायचा, त्यामुळे तो दोन वर्षं 'एक'च होता.

त्याच सोमवारी पुनर्वसन पडताळणी अधिकारी रजिस्टर घेऊन आले. साहेब तोंडात सतत पुदिन्याची गोळी ठेवत.

"बसा साहेब," मिस्त्री म्हणाला आणि सवयीने रंधा पुढे केला.

"मला त्याची गरज नाही," साहेब झटकन म्हणाले. "हजेरी सांगा."

सगळ्यांनी आपापले नंबर सांगितले. साहेबांनी सुवाच्य अक्षरात अकरा नोंदी केल्या. मंगळवारी ते पुन्हा आले आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"नऊ कुठे आहे?"

"मी साहेब," ड्रायव्हर हसत म्हणाला. "आज दहा!"

"दहा नवीन प्रवेश," साहेब लिहीत म्हणाले. "मी नऊबद्दल विचारतोय. नऊ कुठे गेला?"

मिस्त्रीने पद्धत समजावून सांगितली. साहेबांनी ती लक्षपूर्वक ऐकली आणि रजिस्टरात त्यासाठी रकाना नसल्यामुळे सोडून दिली. शनिवारपर्यंत चित्र स्पष्ट झालं. एकूण नोंद एकसष्ट, हजर अकरा, बेपत्ता पन्नास. नियमित लाभार्थी फक्त एक, तो म्हणजे न्हावी. त्याला खात्यातर्फे सातत्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. त्या आनंदात तो संध्याकाळी जरा जास्तच प्यायला आणि रविवारी सकाळी पुन्हा 'एक' म्हणून वेळेवर हजर झाला.

मिस्त्रीला मात्र नोटीस आली. 'आपल्या ताब्यातील पन्नास इसमांचे आपण नेमके काय केले, याचा खुलासा करावा. बेपत्तांपैकी किमान एक इसम पुढील गुरुवारपर्यंत प्रत्यक्ष हजर केल्यास उर्वरित प्रकरण सहानुभूतीने मिटविण्यात येईल. अन्यथा खोलीस सील ठोकून आपली पूर्वपार्श्वभूमी विचारात घेण्यात येईल.'

पूर्वपार्श्वभूमी हा शब्द वाचून मिस्त्रीने नोटीस घडी करून खिशात घातली. तुरुंगाची त्याला भीती नव्हती, तिथे निदान सुतारखातं होतं. पण खोली बंद झाली तर ड्रायव्हर सकाळी सात वाजता कुठे जाणार? कोपऱ्यावरचं दुकान साडेसहालाच उघडायचं. तो कार्यालयात गेला.

"साहेब, रजिस्टर दुरुस्त करा ना. एका ओळीचं काम आहे."

"शासकीय रजिस्टरात खाडाखोड?" साहेबांनी कानाला हात लावले. "तुम्ही गुन्ह्यातून बाहेर आलात, आता मला आत पाठवताय? माणूस सापडू शकतो, मिस्त्री. नोंद बदलू शकत नाही."

मंगळवारी सकाळी साहेब स्वतः खोलीवर आले. हातात खाकी पिशवी, पिशवीत एक सीलबंद बाटली आणि तीन प्रतींतला फॉर्म. त्यांनी प्रश्नाचा अभ्यास केला होता.

"बेपत्तांमध्ये सर्वांत लहान नऊ आहे. बाकीचे बहुतेक शेकड्यात आणि हजारात, त्यांना शोधायला वर्षं जातील. तेव्हा आपण नऊ तयार करू. हे ड्रायव्हर आज एकदा घेतील, उद्या एक होतील आणि पुढच्या गुरुवारी बरोबर नऊ. बाटलीची मंजुरी मी आणली आहे. कारणाच्या रकान्यात 'व्यसनमुक्ती' लिहिलंय."

खोलीत रंध्यांचा आवाज थांबला. ड्रायव्हर त्या दिवशी सतरा होता. त्याने बाटलीकडे पाहिलं, आणि हातातला रंधा खाली ठेवला.

"मी घेतो," ड्रायव्हर म्हणाला. त्याचा आवाज एकदम हळवा झाला होता. "मिस्त्री, तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत. या खोलीसाठी मी एवढा त्याग करणारच."

"त्याग!" दारातून त्याची बायको कडाडली. "अहो, लग्नात घेतलीत तेव्हा पाहुण्यांसाठी घेतली. पोरगी झाली तेव्हा पोरीसाठी घेतली. आता सरकारसाठी घ्या! स्वतःसाठी तुम्ही कधी प्यायलाच नाहीत!"

"ताई, हे शासकीय काम आहे," साहेब म्हणाले.

"मग शासनाने प्यावं!"

मिस्त्रीलाही वास येत होता. बाटली अजून उघडलेली नव्हती, तरी येत होता. दोन हजार एकशे अठ्ठ्याण्णव दिवसांनीही जिभेला सगळं आठवतं याची त्याला लाज वाटली, आणि सतराव्या दिवशी आपलं काय झालं असतं या विचाराने तो घाबरला. त्याने बाटलीवरून नजर काढायची म्हणून साहेबांच्या हाताकडे पाहिलं.

साहेब झाकण फिरवत होते. झाकण हलत नव्हतं, पण साहेबांची दहाही बोटं हलत होती. बाटली टेबलावर टकटक वाजत होती. मिस्त्रीने असले हात चांगले ओळखले. सहा वर्षांपूर्वी तेच त्याच्या मनगटांना लावलेले होते.

"साहेब, शेवटची कधी?" त्याने हळूच विचारलं.

"शेवटची काय?"

"साहेब."

साहेबांनी पुदिन्याची गोळी इकडून तिकडे नेली. "काल," ते पुटपुटले. "कार्यालयीन वेळेनंतर."

"म्हणजे तुम्ही आज एक," मिस्त्री म्हणाला. "पुढच्या बुधवारी नऊ. मुदत गुरुवारपर्यंत आहे."

साहेबांनी बोटांवर दिवस मोजले, मग फॉर्म पाहिला. नियमात काहीच अडत नव्हतं. खात्याच्या इतिहासात एखादं काम मुदतीच्या एक दिवस आधी होणार, या कल्पनेने त्यांचे डोळे भरून आले. निदान त्यांनी कारण तेच सांगितलं. न्हाव्याने सरकून जागा दिली. मिस्त्रीने रंधा पुढे केला.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी रंधा फेकला. चौथ्या दिवशी मिस्त्रीला निलंबित करायची धमकी दिली आणि तो खात्यात नाही हे आठवून रडले. पाचव्या दिवशी ड्रायव्हरच्या बायकोने त्यांनाही दारापर्यंत सोडलं, कारण कोपऱ्यावरचं दुकान त्यांच्याही वाटेत होतं. बाटली सीलसकट परत गेली आणि 'लाभार्थी उपलब्ध न झाल्याने' असा शेरा तिला लागला.

बुधवारी सकाळी साहेबांनी स्वतःला स्वतःसमोर हजर केलं, स्वतःची ओळख पटवली, पोच दिली आणि पोच घेतली. नऊ सापडला. प्रकरण मिटलं. खोलीत इतका टाळ्यांचा गजर झाला की वेल्डिंगवाला हातातलं काम टाकून पळत आला.

पण गुरुवारी साहेब दहा झाले. त्यामुळे नऊ पुन्हा बेपत्ता झाला, आणि या खेपेला त्याच्याबरोबर अधिकारीही. खात्याने चौकशीसाठी ताबडतोब नवे साहेब नेमले. ते लवंग चघळतात.

तेवढ्यात आणखी एक आक्रीत घडलं. शेजारी बसून साहेबांचे हात स्थिर होताना आठवडाभर पाहिलेला न्हावी शुक्रवारी दारात आला आणि लाजत म्हणाला, "दोन." कोणाला खरं वाटेना. ड्रायव्हरने त्याला उचलून खोलीभर नाचवलं. मिस्त्री तोंड फिरवून भुसा झाडत राहिला, कारण त्याला रडू आवरत नव्हतं.

खात्यात मात्र हाहाकार उडाला. खोलीचा एकमेव नियमित लाभार्थी, प्रशस्तिपत्रधारक 'एक', बेपत्ता! त्याचा कसून शोध चालू आहे. वर्णन असं: चांगल्या घरातला, कामावर वेळेवर जाणारा, काल संध्याकाळी थोडीशीच घेतलेला, तीही कोणाच्या तरी आग्रहाखातर. खोली सकाळी सात वाजता उघडते. मिस्त्री न्हाव्याच्या शेजारी एक स्टूल रिकामं ठेवतो आणि त्यावर रंधा.

तुम्हाला त्याची गरज नाही, हे मान्य आहे. पण ते तुम्ही आत्ता जितक्या झटकन म्हणालात, तितक्याच झटकन साहेबही म्हणाले होते.