समतापी पंप

सायकलमध्ये हवा भरणं हे बळाचं नव्हे, बुद्धीचं काम आहे, असं भौतिकशास्त्राच्या सरांचं ठाम मत होतं. त्यामुळे मुलीची शर्यत अर्ध्या तासावर आलेली असताना मागचं चाक बसलेलं निघालं, तेव्हा सरांना मनातून आनंदच झाला. पोरगी वर्षभर या शर्यतीसाठी पहाटे उठत होती. बापाचं ज्ञान आज कामाला यायचं नाही, तर कधी?

"पंप आण. आणि एक ओलं फडकं."

"फडकं कशाला, बाबा?"

"लोक दणादण हवा भरतात. हवा दाबली की तापते, तापली की उलटा जोर लावते, आणि माणूस घामाघूम. आपण सावकाश दाबायचं, उष्णता बाहेर जाऊ द्यायची. तापमान तेवढंच, कष्ट कमी. याला म्हणतात समतापी क्रिया."

सरांनी पंपाला फडकं गुंडाळलं आणि दांडा असा हळूच खाली नेला, जणू शेजारी तान्हं बाळ झोपलंय. मग थांबले. पंप चाचपला. थंडगार. समाधानाने त्यांनी दांडा वर घेतला.

"बाबा, जरा भरभर करा ना."

"भरभर केलं की शास्त्र बिघडतं."

बिघडलं होतं निराळंच. पंपाची नळी चाकाच्या तोंडाशी सैल बसली होती. सर जेवढी हवा आत घालत, तेवढी ते थांबले की फुसफुसत निघून जाई. तापमान स्थिर होतंच, चाकातला दाबही तसूभर हलत नव्हता. मुलीचे डोळे मात्र भरत आले.

ते बघून तिची आई बाहेर आली. तिने अंगठ्याने चाक दाबून पाहिलं. "अहो, हे चाक आहे की उशी?"

उत्तराची वाट न बघता तिने फडकं भिरकावलं, लेकीला नळी घट्ट धरायला लावली आणि पदर खोचून असा पंप मारला की चाक दगडासारखं झालं. पोरगी सुसाट सुटली. समोरच्या मैदानात भोंगा वाजला, तेव्हा ती धापा टाकत रांगेत शिरताना फाटकातून दिसली. दोघांचाही जीव भांड्यात पडला.

सरांनी पंपाला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. "बघितलंस? केवढी उष्णता वाया घालवलीस."

बायको वळली. जिना चढू लागली.

"कुठे निघालीस?"

"गच्चीवर. नेहमीसारखी. उष्णता बाहेर जाऊ द्यायला."

लग्नाला वीस वर्षं झाली, घरात कधी मोठं भांडण नाही. याचं श्रेय सर आजवर स्वतःच्या शांत स्वभावाला देत आले होते.