बांधावरचं उदगीर

अकरा रविवार झाले, उदगीरच्या लढाईत मराठे हरत होते आणि हणमंतराव गुरुजींना जेवण गोड लागत नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी रेणापूर तालुक्यातल्या पोरांकडून घोकून घेतलं होतं, की सतराशे साठ साली उदगीरला मराठ्यांनी निजामाला लोळवलं. 'मराठे हरले' असं लिहिणाऱ्या पोराला त्यांनी भोपळा दिला होता. आणि आता निवृत्तीनंतर, स्वतः रंगवलेले शाडूचे बोटभर सैनिक मांडून, तीच लढाई ते किराणा दुकानदार शरणप्पाकडून हरत होते. शरणप्पाला इतिहासातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण फासा त्याचं ऐकायचा.

खेळाचे नियम अगदी सोपे, जुन्या पद्धतीचे. मुलाने, रविकिरणने, पुण्याहून एक जुनी इंग्रजी पुस्तिका पाठवली होती. गुरुजींनी ती वहीच्या एका पानात मराठीत बसवली. पायदळ सहा इंच चालतं, घोडदळ बारा. फाशावर पाच किंवा सहा पडले की समोरचा एक गडी पडतो. साठांतले तीस पडले की फौज हरली. आणि शेवटचा नियम गुरुजींना सर्वांत लाडका होता: 'वाद झाल्यास दोघांनी एकेक फासा टाकावा. मोठा ज्याचा, त्याचे खरे. त्या विषयावर पुन्हा बोलू नये.'

लढाई आधी जेवणाच्या टेबलावर व्हायची. पण मागच्या आठवड्यात वरणातून हत्ती निघाला तेव्हा बायकोने, सिंधुताईंनी, दोन्ही फौजांना घराबाहेर काढलं. म्हणून बाराव्या रविवारी गुरुजी फौज घेऊन शेतात गेले. सपाट, टणक, न नांगरलेली जागा सगळ्या रानात एकच होती, ती बांधावरची. शेजारच्या नरसिंगरावांबरोबर त्या आठ हात रुंदीच्या पट्ट्यावरून अठरा वर्षं कोर्टात दावा चालू होता आणि निकाल लागेपर्यंत तिथे कुणीच औत घालत नव्हतं.

आज मात्र नशीब उघडलं होतं. दोन्हीकडचे एकोणतीस एकोणतीस पडले होते आणि डाव गुरुजींचा होता. निजामाचा हत्ती समोरच होता. गुरुजींनी टेप धरून अंतर मोजलं, फासा मुठीत घेतला, डोळे मिटले.

"गुर्जी! मोजणी करून राहिले व्हय? नोटीस न देता?"

नरसिंगराव विहिरीकडून धापा टाकत येत होते. टेप, कागद आणि जमिनीत रोवलेले फौजांचे झेंडे एवढं दिसल्यावर अठरा वर्षं दावा लढणाऱ्या माणसाला दुसरं काय वाटणार?

"मोजणी नाही हो, निजामाशी लढतोय," गुरुजी म्हणाले.

"मला येडं समजता का? निजाम जाऊन किती वर्सं झाली!"

त्यांनी तिथूनच तलाठ्याला फोन लावला. तलाठी आनंदराज गावातच बारशाला आले होते. ते येईपर्यंत नरसिंगराव स्वस्थ बसले नाहीत. घरून फक्कीची पिशवी आणून त्यांनी आपल्या म्हणण्याप्रमाणे हद्दीची पांढरी रेघ मारली. ती नेमकी निजामाच्या फौजेतून गेली.

"आता माझी तोफ तिकडं गेली की," शरणप्पा कळवळला.

"तिकडं म्हंजे माझ्यात," नरसिंगराव म्हणाले. "मग तोफ माझी."

आनंदराज आले ते बारशाचा पेढा चघळतच. त्यांनी फौज पाहिली, गुरुजींचं नियमांचं पान वाचलं. "घोडदळ बारा इंच. हा कुठला जीआर? आमच्याकडं तर आला न्हाई." मग त्यांनी रीतसर पंचनामा लिहायला घेतला. "गट नंबर दोनशे चौदामध्ये निजामाची फौज आढळली. सातबाऱ्यावर नोंद नाही. गुर्जी, निजाम तुमचं कूळ लागतो का?"

"नाही हो!"

"ताबा कधीपासून?"

"सकाळी नऊपासून," शरणप्पाने प्रामाणिकपणे सांगितलं.

एवढ्यात आनंदराज शेवटच्या नियमापाशी आले आणि त्यांनी तो मोठ्याने वाचला. नरसिंगरावांनी पुन्हा वाचायला लावला. "पुन्हा बोलू नये?" ते हळूच म्हणाले. "गुर्जी, अठरा वर्सं तारखांना जाऊन जाऊन मी लई कटाळलो. टाकायचा का फासा? बांधासाठी?"

गुरुजींना फक्त हत्ती दिसत होता. ही माणसं एकदाची जावीत म्हणून ते हो म्हणाले. शरणप्पाच्या फाशावर नरसिंगरावांना दोन पडले. गुरुजींनी मघापासून मिटलेली मूठ उघडून आपला फासा टाकला. सहा!

"अगं बाई! बांध आपला झाला!" भाकरी घेऊन आलेल्या सिंधुताईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. नरसिंगराव मटकन खाली बसले.

गुरुजींनी तिकडे बघितलंही नाही. घाईघाईने त्यांनी हत्तीवर फासा टाकला. फाशावर एक आला. आता डाव शरणप्पाचा, आणि शरणप्पाला हवा तेव्हा सहा पडायचाच. बारावा रविवारही हातचा जाणार होता. गुरुजींनी शरणप्पाचं मनगट धरलं.

"थांब. मघाचा सहा लढाईचा होता. मी तो हत्तीसाठीच मुठीत धरला होता. हा एक बांधाचा."

"अहो!" सिंधुताई ओरडल्या.

"म्हंजे माझे दोन, तुमचा एक?" नरसिंगराव ताडकन उठले. "हाव, मला मंजूर हाय!"

शरणप्पा म्हणाला, "फासा मुठीत होता हे मी बघितलंय. खोटं न्हाई बोलणार." त्याने स्वतःच्या हाताने हत्ती आडवा केला. आनंदराजांनी बांधाचा निकाल लिहून कागद पुढे केला, त्यावर गुरुजी आणि नरसिंगराव दोघांनी राजीखुशीने सह्या केल्या.

"जिंकलो!" गुरुजी नाचायला लागले. इतका आनंद त्यांना निवृत्तीच्या सत्कारातही झाला नव्हता. "सिंधु, इतिहास जागेवर आला!"

"गुर्जी," नरसिंगराव आदराने म्हणाले, "तुमची फौज तेवढी उचला. ऊन उतरलं की औत घालतो."

गुरुजींनी डबा उघडला आणि एकेक मराठा उचलून आत ठेवला. सिंधुताई भाकरीचं गाठोडं घेऊन पुढे निघून गेल्या होत्या.

संध्याकाळी रविकिरणचा फोन आला. "बाबा, आज तरी जिंकलात का?"

"जिंकलो."

"मग घेतलं ना उदगीर?"

गुरुजींनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "घेतलं रे. पण ते नरसिंगरावाच्या हद्दीत निघालं."