राणू कुंभाराच्या मुठीत काय होते

ज्याचे हाती काठी त्यास नमन, ज्याचे पाठीवर काठी त्यासही नमन, आणि दोघांमधे सापडून जो पाहतो त्यास दोन वेळा नमन, कारण साक्ष शेवटी त्यालाच द्यावी लागते. शके सतराशे आणि वर काही, पुढील आकडे कसरीने खाल्ले, दुर्मुखनाम संवत्सरी एका राज्यात ऐसे वर्तमान जाहले. राज्याचे नाव लिहिले नाही; लिहिले तर शेजारचे राज्य म्हणेल, आमचेकडे ऐसे घडत नाही.

त्या राज्यात कोतवालीचे शिपाई होते आणि त्यांचे हाती बाभळीची काठी असे, आणि एक जुनी चाल होती, तीस मलमाची चाल म्हणत. शिपायाने कोणास मारिले तर जखम भरेतो रोज सकाळी त्याच शिपायाने त्याचे दारी जाऊन आपले हाते मलम लावावे, आणि कोणी शिपायास जखमी केले तर शिपाई बरा होईतो त्याची काठी घेऊन त्याचे जागी पहारा जखम करणाराने करावा, आणि मलम लाविताना मारामारीचा विषय कोणीही काढू नये. ही चाल कोणी घातली हे ठाऊक नव्हते, परंतु काठी उचलण्याआधी शिपाई मनात विचार करी की या माणसाचे घर किती लांब असावे, आणि कित्येक डोकी केवळ लांब राहत होती म्हणून वाचली.

मग चैत्राची जत्रा भरली आणि पाण्याच्या हौदावर कुंभारांची गाढवे आधी की मीठवाल्यांची आधी, यावरून तंटा माजला, आणि सुभानजी नाईक व त्याचा जोडीदार निंबाजी यांस तेथे धाडिले. निंबाजी वाटेने हसत होता. म्हणे, “नाईक, आज गाढवांचा बंदोबस्त, उद्या दरबाराचा.” सुभानजी म्हणे, “दरबारात लाथा कमी बसतात, एवढाच फरक.” आणि हे दोघे गर्दीत शिरले, आणि हात जोडून, ओरडून, शिव्या खाऊन वाट करीत होते तो कोठून एक दगड आला आणि निंबाजीचे उजवे डोळ्यावर बसला. सुभानजी वळला. समोर एक हात वर उठलेला होता. सुभानजीने काठी घातली आणि मनगटाचे हाड मोडल्याचा आवाज त्याने स्वतः ऐकिला, आणि तो हात राणू कुंभाराचा होता. मग गर्दी उधळली, शेकडो पायांखाली धोंडे इकडचे तिकडे जाहले, आणि राणूचे मुठीत त्या क्षणी दगड होता की मूठ रिकामी होती, हे सांगण्यास एकही पाहणारा राहिला नाही. निंबाजीवर ज्याने फेकिला तोही सापडला नाही.

कायदा सोपा होता. मूठ रिकामी असेल तर सुभानजीची काठी आणि चाकरी जावी आणि त्याने वेशीबाहेर व्हावे. मुठीत दगड असेल तर राणूचा गाळा बाजारातून कायमचा उठावा. आणि जखम भरल्याखेरीज विचारणा करू नये, हीही चालच. सबब जखम भरण्याची वाट सारे राज्य पाहू लागले.

इकडे दरबारात दोन पक्ष जाहले. कडक पक्षाचे दिवाण म्हणाले, “शिपायास लोखंडी काठी द्या. त्याने आधी मारावे, मग विचारावे. आधी विचारणाराचा निंबाजी होतो.” मऊ पक्षाचे शास्त्री म्हणाले, “काठीच काढून घ्या आणि शिंग द्या. शिपायाने दुरून शिंग फुंकावे आणि लोकांनी लाजावे.” दिवाण म्हणाले, “आणि न लाजले तर?” शास्त्री म्हणाले, “तर पुन्हा फुंकावे.”

(येथे समासात निराळ्या हाताने लिहिले आहे: शास्त्रीबोवांनी जत्रेत एकदा फुंकून दाखवावे. त्याखाली आणखी निराळा हात: आणि दिवाणांनी एकदा मनगट मोडून घ्यावे. त्यापुढे शाई सांडली आहे, बहुधा झटापटीत.)

आणि सुभानजी रोज सकाळी मलमाची वाटी घेऊन कुंभारवाड्यात जाई. राणूची बायको सगुणा दारातच म्हणे, “आले वैद्यराज! मोडायला एक घाव लागतो हो नाईक, जोडायला बघा किती खेपा.” सुभानजी खाली मान घालून आत जाई, पट्टी सोडी, मलम लावी, पट्टी बांधी, आणि राणू भिंतीकडे पाहत बसे, आणि ओट्यावरचे चाक जागचे हलत नसे. आणि सुभानजीचे मनात एकच प्रश्न असे. आपली चाकरी जाणार की राहणार हे तर होतेच, परंतु त्याहून निराळे काही होते: त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते. आपण काय पाहून मारिले? तो राणूचा तळहात उलथापालथा करून पाही, जणू दगडाची खूण तेथे उमटली असेल. परंतु त्या हातावर आयुष्यभराचे मातीचे घट्टे होते, त्यात काय वाचणार. एके दिवशी त्याला राहवेना.

“राणू, माती मळताना हाताला खडा लागला तर काय करतोस?”

सगुणा कडाडली, “नाईक, चाल मोडू नका!”

“मातीचं विचारतोय, वहिनी.”

राणू पहिल्यांदाच त्याजकडे पाहून बोलिला, “काढून टाकतो.”

“कुठं टाकतोस?”

“माणूस नसेल तिकडं.”

या उत्तराने सुभानजीची झोप गेली. तो निंबाजीकडे गेला. निंबाजी डोळ्यावर फडके बांधून पडला होता. तो डोळा गेला तो गेलाच. निंबाजीने विचारिले, “त्याच्या हातात होता का रे दगड?” सुभानजी म्हणाला, “ठाऊक नाही.” “मग थांबायचं होतंस.” “थांबलो असतो आणि दुसरा दगड तुझ्या राहिलेल्या डोळ्यावर आला असता तर?” निंबाजी म्हणाला, “मग तुला विचारलं असतं, का थांबलास म्हणून.” आणि दोघेही हसले, आणि हसून झाल्यावर निंबाजी भिंतीकडे तोंड करून निजला.

मग जखम भरली, हाड वाकडेच बसले, बोटे पुरती मिटेनात, आणि विचारणेचा दिवस आला. आदल्या दिवशी दिवाणांचा माणूस सुभानजीस सांगून गेला, “दगड पाहिला म्हण. पहिली लोखंडी काठी तुझ्या हाती.” आणि शास्त्रींचा माणूस राणूस सांगून गेला, “मूठ रिकामी म्हण. तुझ्या नावे काठीबंदी होईल, पोवाडा होईल.” दरबार भरला, महाराज बसले, आणि राणूस पुढे केले.

“मुठीत काय होते?”

“दगड होता, महाराज.”

कडक पक्षाने मांड्या थोपटल्या. सुभानजीने श्वास सोडला आणि सोडताच त्याला लाज वाटली. राणू पुढे बोलिला, “होता. पण फेकणार होतो का, ते मला माहीत नाही. हात वर गेला होता. पुढं काय करणार होता, ते मला कळायच्या आत काठी पडली. अजून विचार करतोय.”

महाराज म्हणाले, “गाळा जाईल, ठाऊक असून का बोललास?”

“हा नाईक रोज येऊन पायाशी बसायचा. ज्याला मारलं त्याच्याच पायाशी जो बसला, त्याच्यावर खोटं कसं बोलू?”

मग सुभानजीस पुढे केले. “नाईक, दगड पाहिलास?” आता हो म्हटले की सुटका होती, आणि ते खोटेही ठरले नसते, कारण दगड होता हे दगडवाल्यानेच सांगितले होते.  सुभानजी म्हणाला, “नाही, महाराज. निंबाजीचा डोळा पाहिला आणि मग हात पाहिला. दगड पाहिला नाही.”

दिवाण ओरडले, “अरे मूर्खा, होता म्हणतोय ना तो!”

“होता. मी पाहिला नव्हता.”

दगड होता परंतु मारणाराने पाहिला नाही, आणि फेकणार होता की नाही हे धरणारासच ठाऊक नाही; याविषयी कायद्यात काही लिहिले नव्हते. दोघे दोषी की दोघे निर्दोष, हे कोणास सुचेना. कायद्यास दोन दारे आणि ही माणसे भिंतीतून आली. महाराजांनी पगडी काढून डोके खाजविले आणि म्हणाले, “तुम्हीच एकमेकांची शिक्षा सांगा.” राणू म्हणाला, “काठी राहू द्या ह्याची. पण पुढच्या जत्रेला त्याच हौदावर ह्यालाच उभा करा. बघू तरी काय करतो.” सुभानजी म्हणाला, “गाळा राहू द्या ह्याचा. पण हौदाला लागून मांडा. ह्याला नीट दिसलं पाहिजे.” आणि महाराजांनी तसे फर्मान केले, आणि दोन्ही पक्ष चडफडत घरी गेले.

पुढची जत्रा आली. हौद तोच, गाढवे तीच, तंटाही तोच. राणू गाळ्यात होता; डाव्या हाताने मडकी मांडीत होता, आणि सगुणा चाकावरची कामे शिकली होती. गर्दी चढली, शिव्या चढल्या, आणि सुभानजीचे समोर, तीन हात अंतरावर, एका मीठवाल्याचा हात वर उठला. सुभानजीची काठीही उठली. आणि तेथेच थांबली. त्याने त्या मुठीकडे पाहिले, बोटांकडे पाहिले, बोटांच्या फटीत पाहिले, जसा सराफ नाणे पाहतो. मग दगड आला आणि त्याचे खांद्यावर बसला, आणि तो हौदाच्या कडेस कोसळला. राणू मडकी तुडवीत धावला, एका हाताने त्यास सावरून घेतले आणि रागाने रडकुंडीस येऊन म्हणाला, “का थांबलास रे? का थांबलास?”

“बघायचं होतं.”

“मग?”

“दगड होता,” सुभानजी कण्हत म्हणाला. “ह्या खेपेस दिसला.”

ऐसा हा प्रसंग. दिवाण म्हणतात, थांबला म्हणून पडला. शास्त्री म्हणतात, थांबला म्हणून कळले. दरबार अद्याप उठलेला नाही. काठी बाभळीचीच आहे. चालीप्रमाणे तो मीठवाला सुभानजीचे जागी पहारा करितो, आणि पहिल्याच दिवशी कोणी त्याजवर शेणाचा गोळा उगारिला, तेव्हा त्याने काठी आधी उचलली की आधी पाहिले, याविषयी गावात दोन मते आहेत. लिहिणारा तेथे नव्हता, सबब लिहिले नाही. जे कळले ते इतुकेच. उरले ते वाचणाराने समोर उठलेल्या हाताकडे पाहून ठरवावे.