वीस वर्षांच्या दत्तारामाक बुद्धी दी

"बाबानू, वीस वर्षांचो दत्ताराम आज तुमका भेटलो, तर तेका काय सांगशात?" अक्षया या लेकीने मोबाइल बापाच्या नाकासमोर धरून विचारलं. देवबागात त्यांचं छोटंसं होमस्टे होतं. हल्ली पाहुणे खोल्या बघून येत नाहीत, मालकाचे विचार ऐकून येतात, असा अक्षयाचा शोध होता. दत्तारामाकडे विचार पोत्याने पडून होते. आजवर कुणी मागितले नव्हते, एवढंच.

पण व्हिडिओ सुरू झाला आणि त्याची दातखीळ बसली. गावात नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालण्याचा मान त्याचा. नवी होडी असो की जुनी रिक्षा, दत्ताराम हात जोडून देवाला कामाला लावायचा आणि जमलेली मंडळी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायची. त्यामुळे साधं बोलायची सवयच गेली होती. ही अडचण खळ्यात, म्हणजे अंगणात, फुकटच्या चहासाठी बसलेल्या शेजारी भाईने ओळखली.

"अरे, गाऱ्हाणा घालतंस तसा बोल मां! आमी आसव व्हय म्हणाक."

झालं. दत्तारामाने हात जोडले आणि त्याचा आवाज आपोआप देवळातला झाला.

"बा देवा म्हाराजा! त्या वीस वर्षांच्या दत्तारामाक बुद्धी दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मुंबयची नोकरी सोडून तेना गावाक येवचा नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि लग्नाक पयल्याच चेडवाक बघून मुंडी हलवची नाय! धा चेडवां बघूची, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हा शेवटचा होकार सर्वांत खणखणीत होता आणि तो स्वयंपाकघरातून आला होता. तिथे दत्तारामाची बायको यशोदा बांगडे साफ करत होती. गाऱ्हाणं कानावर पडलं की शब्द न ऐकता होकार द्यायचा, ही सवय तिच्या हाडीमाशी मुरलेली.

अक्षयाने व्हिडिओ लगेच टाकला. पाहुण्यांपर्यंत तो कधी पोचला देव जाणे, पण यशोदेच्या माहेरी, जामसंड्याला, संध्याकाळच्या आत पोचला. तिचा भाऊ दाजी याचा फोन आला. "ताय, घोवान तुका पसंत करूक नाय होता काय गो? नुसती मुंडी हलयली?" यशोदेने लेकीचा मोबाइल मागून घेतला. नवऱ्याचं बोलणं तिने शांतपणे ऐकलं. पुढे स्वतःचाच आवाज आला तेव्हा मात्र तिने तो पुन्हा लावून ऐकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी भरून ओट्यावर बसली. दुपारी पुण्याचे पाहुणे जेवायला यायचे होते. हंगामातलं हे पहिलंच बुकिंग, आणि तेही अक्षयाने आईच्या हातच्या तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या कढीचं नाव सांगून मिळवलेलं. चूल थंड होती.

"अगो, तां आपला व्हिडिओपुरता होता!" दत्ताराम काकुळतीला आला.

"व्हिडिओपुरता तुमचा. मी देवासमोर व्हय म्हटलंय. आता शब्द मोडू? दाजी गाडी घेवन येता. तुमी बघा धा चेडवां."

या वयात दत्तारामाला बघायला एकच बाई येत असे, ती आरोग्य केंद्रातली, आणि तीही फक्त रक्तदाब बघून जात असे. तो धावत भाईकडे गेला. उलटं गाऱ्हाणं घालू आणि कालचं रद्द करून घेऊ, असा त्याचा बेत होता.

"छे छे! आमी काल व्हय म्हटलाव. देवाक दिलेलो शब्द आमी कसो फिरवतलाव?" भाई गंभीर झाला. या भाईने आयुष्यात पाळलेला हा पहिला शब्द होता.

दत्ताराम परत आला तेव्हा दाजीची गाडी दारात उभी होती. दाजीने पिशवी उचलली सुद्धा. आता मात्र दत्ताराम खरोखर घाबरला. पाहुणे गेले तर दुसरे येतील, पण ही गेली तर दुसरी येणार नाही, हे त्याला पहिल्यांदाच लख्ख कळलं.

"यशोदा, चुकलंय गो. तुझ्याबिगर माझा काय चलाचा नाय. धा काय, शंभर बघलंय असतंय तरी तुकाच केलंय असतंय."

यशोदेने त्याच्याकडे बघितलं. "तुमी एकच बघलात. माका चार स्थळां सांगान इल्ली. एक मास्तर होतो, एकाचा बाजारात दुकान होता. बापूस म्हणा होतो, देवबागात नको, थंय नुसती रेव. मीच हट्ट धरलंय, होयो तर ह्योच."

दाजीने पिशवी खाली ठेवली. हे त्यालाही नवीन होतं. दत्तारामाचा चेहरा उजळला. "खरा सांगतंस? काय बघलंस गो माझ्यात?"

"बघूक इल्लात तेव्हा तुमी वीस वर्षांचे. एक शब्द बोलूक नाय. वाटला, घो गप रवणारो आसा, संसार सुखाचो होतलो." ती उठली आणि पदर खोचला. "तेव्हाच्या त्या यशोदेक सांगूचा आसा, बाय गो, आदी तेका बोलाक लाव आणि मगे ठरव."

ती आत गेली आणि चूल पेटली. पाहुण्यांसाठी आणलेले बांगडे वाया गेले असते म्हणून, हे तिने दाजीला मुद्दाम मोठ्याने सांगितलं.

पाहुणे बोटं चाटून जेवले. दत्ताराम ताटं मांडत, पाणी देत, खरकटं उचलत फिरत होता, पण तोंडातून चकार शब्द नाही.

"काकू, काका बोलत नाहीत का?" एका पाहुणीने हळूच विचारलं.

"बोलतात हो," यशोदा कढी वाढत म्हणाली, "पण आज ते वीस वर्षांचे झालेत."