दरवाजाआडचा सूर्य

धुळ्याचे मोतीलालजी आणि धापूबाई मुलासाठी लालचंद शेठची निर्मला पाहायला फैजपूरला आले. मुलगी पसंत पडली, पण होकार काही निघेना. "घराचं वळण बघू, मग बोलू," धापूबाई म्हणाल्या.

"वळणाचं काय विचारता? दिवस बुडाला की आमच्या घरात कुणाच्या तोंडात कण जात नाही!" शेठनी ठोकून दिलं. एवढ्यावर थांबतील तर ते लालचंद शेठ कसले! वट दाखवायला त्यांनी दुकानाची जीप काढली, ड्रायव्हर चुडामणला हाक मारली आणि पाहुण्यांना बऱ्हाणपूरच्या तटाचे दरवाजे दाखवायला नेलं.

"काय काम आहे बघा! सुलतानांच्या वेळी सगळ्या खानदेशची राजधानी होती ही!" प्रत्येक दरवाजाखाली शेठ असे मिरवत होते, जणू चुना त्यांच्याच दुकानातून गेला होता.

मोतीलालजींचं सगळं लक्ष शेठनी बरोबर घेतलेल्या पुऱ्यांच्या डब्यावर. "जेवून घ्यायचं का?"

"हा एकच दरवाजा राहिला!"

असे चार 'एकच' झाले. पाचव्यापाशी डबा उघडला, तोच धापूबाई कडाडल्या, "थांबा! दिवस मावळला!"

"मावळला कसला? दरवाजाआड गेलाय! पलीकडं चांगलं ऊन असेल," शेठ म्हणाले.

"मग पलीकडं जेवू," धापूबाई म्हणाल्या.

डबा पोटाशी धरून शेठ कमानीत घुसले, आणि नेमक्या समोरून गावच्या म्हशी चरून परतल्या. हत्तींना अडवायला बांधलेला दरवाजा तो, म्हशींना थोडाच अडवणार! शेठ भिंतीला चिकटून उभे. शेपट्यांचे फटके खात मंडळी पलीकडे पोचली, तेव्हा सूर्य खरोखरच बुडाला होता.

मोतीलालजींचा उतरलेला चेहरा पाहून शेठना वाटलं, गेली सोयरीक! पण धापूबाईंनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. "एवढी भूक लागली, तरी पुरीला हात लावला नाही. वळण आहे हो घराला!" म्हणत त्या जीपमध्ये जाऊन बसल्या. शेठचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात चुडामण शेठच्या कानाशी लागला. शिंदखेड्याचा गडी, त्याची कुजबुजसुद्धा चार घरं ऐकत.

"शेठ, रोजना मायक भजा लई येऊ का?"

'रोजच्यासारखी भजी' ऐकताच शेठनी दचकून मागे पाहिलं. मोतीलालजी उभेच!

मोतीलालजींनी एकवार जीपकडे पाहिलं. धापूबाईंची पाठ होती. मग दिवसभरात पहिल्यांदाच ते प्रेमाने म्हणाले, "व्याहीबुवा, हिला सांगा, चाक पंक्चर झालंय. आणि भजी जरा जास्तच मागवा."