डोमाभाऊंचं चालायचं यंत्र

कानात घालायची गाण्याची बोंडं डोमाभाऊ आधी दाताखाली धरून बघतात. भंडाऱ्याच्या एका दुकानात, भर गर्दीच्या वेळी, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. दुकानदाराने मोठ्या कौतुकाने डबी उघडून पुढे केली. डोमाभाऊंनी त्यातलं एक बोंड उचललं, उजव्या दाढेखाली धरलं, डोळे मिटले, मग ते काढून शर्टाला पुसून परत डबीत ठेवलं.

"ओलावा हाये," ते म्हणाले.

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी वर टांगलेले पंखे मोजायला लागलो.

डोमाभाऊ काटेखाये यांनी एकतीस वर्षं धान खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून काढली. पोत्यात पोकळ सळई खुपसायची, बाहेर आलेले दाणे तळहातावर चोळायचे, एक दाढेखाली धरायचा आणि निकाल देऊन टाकायचा. कट्‌कन फुटला तर पास, नुसता दबला तर ओलावा, पोतं वापस. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी त्यांची दाढ अजून कामावर आहे. गावात आलेला नवा ग्रामसेवक, पुतण्याला सांगून आलेली मुलगी, माझ्या बायकोने केलेली बुंदी, या सगळ्यांत त्यांना ओलावा सापडलेला आहे.

मी त्यांच्या समोरच्या घरात भाड्याने राहतो. मूळचा वर्धेकडचा, इथे अड्याळजवळच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. विज्ञान शिकवणाऱ्याला यंत्रातलं सगळं कळतं, अशी गावाची ठाम समजूत आहे. बंद पडलेले मिक्सर, बिघडलेले मोटारपंप, न लागणारे टीव्ही, सगळ्यांची पहिली तपासणी माझ्या ओसरीवर होते. त्यामुळे डोमाभाऊंना चालताना गाणी ऐकायला यंत्र निवडून द्यायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. त्याला आता सव्वा वर्ष झालं. एवढ्या वेळात माणूस एखादी पदवी घेतो.

डोमाभाऊंना साखर आहे. डॉक्टरांकडे मीच त्यांना घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी त्यांच्या तळव्याला टोकदार काहीतरी टोचून विचारलं, "कळतंय का?" डोमाभाऊ छताकडे बघत शांतपणे म्हणाले, "टोचा न जी, मी तयार हावो." डॉक्टरांनी टोचणी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून सांगितलं, रोज तासभर चालले नाहीत तर पाय हातचे जातील. इतकं स्पष्ट बोलणारा डॉक्टर मी दुसरा पाहिलेला नाही.

"चालतो न," डोमाभाऊ म्हणाले. "नाई कायले म्हणू? पण कानाले काई पाह्यजे."

डॉक्टर म्हणाले, गाणी ऐकत चाला, चांगलंच आहे. मलाही ते पटलं. त्यांच्या बायकोला, कौसल्यावहिनींना, जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. घरात एकटा माणूस, एकुलती मुलगी पुण्याला. गाण्याने जीव रमेल, पायही चालतील. एका रविवारी बाजारात जाऊन काहीतरी घेऊन टाकू, असं मी समजत होतो. मी किती भोळा होतो ते आठवलं की मला अजून स्वतःची कीव येते.

पहिल्यांदा मी म्हटलं, तुमच्या फोनवरच गाणी लावा. फोन वापस झाला, कारण गाण्याच्या मधात मुलीचा फोन येतो आणि गाणं तुटतं. मग अड्याळच्या बाजारातून बोटभर लांबीचं, खिशाला अडकवायचं यंत्र आणलं. त्यात मंडईतल्या, म्हणजे इकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेतल्या, दंडारीच्या नाचाची गाणी भरून घेतली, भजनं भरून घेतली. दोन संध्याकाळी माझ्या त्यात गेल्या. डोमाभाऊंनी तीन गाणी मधूनच ऐकली, कारण पोत्याचा माल कधी वरून बघायचा नसतो. यंत्र वापस. वायर बोरीबाभळीत अडकते म्हणाले. मी विचारलं, तुम्ही रस्त्याने चालणार की बोरीबाभळीतून?

मग गळ्यात घालायचं आणलं. "हे माह्या गळ्यात? मले का गाडीले जुपता का?" वापस. पेनड्राइव्ह लावायचा रेडिओ आणला, तो डब्याएवढा. गाणं लावल्याबरोबर शेजारचे दोघं कुंपणावरून डोकावले आणि कोणतं गाणं हाये जी म्हणून विचारायला लागले. डोमाभाऊंनी रेडिओ झटक्यात बंद केला आणि घरात निघून गेले. तोही वापस.

प्रत्येक यंत्राची शेवटची परीक्षा माझ्या अंगणात व्हायची. डोमाभाऊ बोंडं कानात घालायचे, गाणं लावायचे, माझ्याकडे पाठ करून पेरूच्या झाडाकडे तोंड करून उभे राहायचे आणि म्हणायचे, "बोला मास्तर, काई बी बोला."

मी म्हणायचो, "डोमाभाऊ, चहा घेता का?"

"घेतो न. म्हंजे आयकू आलं. वापस."

अशा किती परीक्षा आणि किती चहा झाले ते माझ्या बायकोला विचारा. तिने शेवटी शेवटी आधण आधीच ठेवायला सुरुवात केली होती.

एकदा मात्र मला वाटलं, आता सुटलो. शाळेतल्या क्रीडाशिक्षकाने एक नवीन प्रकार सांगितला. कान उघडेच राहतात, यंत्र कानापुढच्या हाडावर टेकतं आणि आवाज हाडातून आत जातो. रस्त्यावर चालणाऱ्यांसाठीच ते केलेलं आहे, मागून येणारा ट्रॅक्टरही ऐकू येतो. मी ते मागवलं. हाडातून आवाज कसा जातो ते फळ्यावर काढतात तसं त्यांना कागदावर काढून दाखवलं. इतका चांगला तास मी वर्गातही घेतलेला नाही.

डोमाभाऊंनी सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हंजे कान उघडेच राहाते?"

"हो! तीच तर त्याची मजा आहे."

"लोकायचं बोलनं बी आयकू येते?"

"अगदी स्पष्ट."

"मंग घेतलं कायले?" त्यांचा आवाज असा चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "विज्ञान शिकवता न जी तुमी? मी काय सांगून राहिलो, तुमी काय आनून राहिले!"

मी हात टेकले. त्या रात्री जेवताना मी बायकोला सांगून टाकलं की आता त्यांचे पाय आणि त्यांचं नशीब.

पण ते एवढ्या सोप्यात कसं सुटणार? त्यांची मुलगी माया दर रविवारी मला फोन करायची. "काका, बाबा चालून राहिले का जी?" मी म्हणायचो, यंत्र बघणं चालू आहे. एक म्हातारा माणूस आमच्या डोळ्यांसमोर पाय गमावायला बसला होता, आणि आम्ही दोघं त्याच्या कानाची मापं काढत होतो.

दिवाळीच्या आधी डोमाभाऊ ओसरीवर बसले होते. मांडी घालताना त्यांचा तळवा वर झाला आणि मला त्यात बाभळीचा काटा दिसला. आरपार नाही, पण चांगला रुतलेला. भोवती रक्त वाळून काळं पडलेलं. मी ओरडलोच. ते पायाकडे बघत राहिले, दुसऱ्या कोणाचा पाय असावा तसे.

"सकायी वाडीत गेल्तो," ते म्हणाले. "तवाचा असंन."

तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. मी काटा काढला. त्यांना काहीच कळत नव्हतं. मी त्यांच्यावर रागावलो, नको ते बोललो. तुम्हाला यंत्र नकोच आहे, तुम्हाला चालायचंच नाही, हे सगळं नाटक आहे, असं सगळं बोललो. ते ऐकून घेत राहिले. त्यात ओलावा आहे असंही म्हणाले नाहीत. मला फार वाईट वाटलं.

मी मायाला फोन करून काट्याचं सांगितलं. आठवड्याभरात पुण्याहून पार्सल आलं. बाहेरचा आवाज आत येऊच देत नाहीत अशी बोंडं. डोमाभाऊंनी दाताखाली न धरताच ती कानात घातली, गाणं लावलं आणि पेरूच्या झाडाकडे तोंड करून उभे राहिले.

मी म्हटलं, "चहा घेता का?"

ते हलले नाहीत. मी ओरडलो, "डोमाभाऊ, चहा!" घरातून बायको बाहेर आली, डोमाभाऊ तसेच. माझ्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

एक बोंड काढून त्यांनी वळून विचारलं, "बोलले का?"

"दोनदा बोललो. दुसऱ्यांदा ओरडलो."

"आता दुसरं बोला. म्हना, एकलेच का जी?" आणि बोंड घालून ते परत वळले.

मी म्हटलं, "एकलेच का जी?" ते उभे. मी आणखी जोरात म्हटलं. त्यांनी दोन्ही बोंडं काढली आणि हातात धरून ओट्यावर बसले.

"पास हाये," ते हळूच म्हणाले.

हेच वाक्य का, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. तलावाच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, त्यांच्या धानाच्या बांधीकडे, म्हणजे खाचराकडे, वाट जाते. तीस-पस्तीस वर्षं ते आणि कौसल्यावहिनी रोज सकाळी त्याच वाटेने जायचे. ती पुढे, हे मागे. आमच्याकडे वाटेत भेटलेल्या माणसाला काहीतरी विचारल्याशिवाय कोणी पुढे जात नाही, आणि माणूस एकटा दिसला की 'एकलेच का जी?' हे ठरलेलं. विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं. तेरवी झाल्यावर डोमाभाऊ पहिल्यांदा पारीवर गेले आणि बांधीपर्यंत सात जणांनी विचारलं. सातही जणांना वहिनी गेल्याचं ठाऊक होतं. सवयीने तोंडातून निघून गेलं आणि मग सातही जणांनी जीभ चावली.

"त्यायचा का दोष हाये जी?" डोमाभाऊ म्हणाले. "थे बिचारे माह्याहून जास्त घाबरले. म्या तवापासून थे वाटच सोडली."

बांधी त्यांनी तेव्हाच दुसऱ्याला करायला दिली होती, ते मला माहीत होतं. गुडघे दुखतात म्हणून दिली असं मी समजत होतो. सव्वा वर्ष मी त्या माणसाला वायर आणि बॅटरी समजावून सांगत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बोंडं घालून पारीवर गेले. मी शाळेची तयारी करत होतो. दहा मिनिटांत ते परत आले आणि दारातच उभे राहिले.

"काय झालं? ऐकू आलं?"

"नाई आलं. काईच नाई आलं." त्यांनी बोंडं माझ्या टेबलावर ठेवली. "पन तोंड दिसते न जी लोकायचं."

यावर कोणतं यंत्र आणायचं, ते मला सुचलं नाही. मी इतकंच म्हटलं की उद्या रविवार आहे, मी येतो तुमच्याबरोबर. निदान कोणी एकटेच का असं तरी विचारणार नाही. रविवारी सहा वाजता ते चप्पल घालून, बोंडं कानात घालून ओट्यावर तयार बसले होते.

आम्ही निघालो. मी पुढे, ते मागे. खालच्या बांध्यांत धान कापणं चालू होतं. माणसं आमच्याकडे बघून 'कुठं चालले जी दोघं' विचारायची आणि मी उत्तर द्यायचो. अर्धी पार चालून झाली. तेवढ्यात खाली कापलेल्या धानाच्या कडपा गोळा करणारी एक म्हातारी कमरेवर हात ठेवून सरळ झाली. ती एकोडी गावाकडची, पूर्वी वहिनींच्या हाताखाली धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, यायची. मधली दोन वर्षं लेकीकडे राहून यंदा कापणीला आली होती. तिला काहीच माहीत नव्हतं. तिने हसून हात वर केला आणि विचारलं, "डोमाभाऊ, बाई कुठं हाये जी? दिसल्या नाई."

मी घाईघाईने म्हटलं, "अहो, त्या..." पण मागून डोमाभाऊंनी माझा दंड धरला. त्यांनी एक बोंड काढलं, मग दुसरं.

"काय म्हनलं, बाई?"

"बाई कुठं हाये म्हनलं. आल्या नाई का?"

"नाई," डोमाभाऊ म्हणाले. मग म्हणाले, "मेली थे, बाई. दोन साल झाले."

दोन वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ते 'थे झाल्यापासून' म्हणायचे आणि विषय बदलायचे. म्हातारी होती तिथेच शेताच्या धुऱ्यावर बसली. पदर तोंडाला लावला. मग तिने विचारलं, "काय झाल्तं?"

डोमाभाऊ पारीवरून खाली उतरले, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि सांगायला लागले. ताप कसा आला, दोन दिवस अंगावर कसा काढला, भंडाऱ्याहून नागपूरला न्यायला सांगितलं तेव्हा वहिनींनी गाडीत काय मागितलं, त्यांना पाणी द्यायचं नाही असं सांगितलेलं असल्यामुळे आपण ते कसं दिलं नाही. त्या गाडीत पुढे ड्रायव्हरशेजारी मीही होतो. मला सगळं ठाऊक होतं, फक्त त्यांनी पाणी मागितल्याचं माहीत नव्हतं. कापणाऱ्या बाया विळे हातात घेऊन जवळ येऊन उभ्या राहिल्या. डोमाभाऊ रडत होते आणि सांगत होते. मीही रडलो. बायांपैकी कोणीतरी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

ऊन चांगलंच वर आलं तेव्हा आम्ही तिथूनच परत फिरलो. पारीचं दुसरं टोक तसंच राहिलं. बोंडं खिशात होती. घराच्या दाराशी आल्यावर त्यांनी कडी काढली, आत पाऊल टाकलं आणि मग वळून म्हणाले, "उद्या जरा लवकर निघू, मास्तर. पारीच्या तिकडल्या लोकायले सांगाचं रायलं हाये."